गुळवेल शुद्ध आहे, पण आपल्याला सोसेल का?

कोरोनाच्या काळात आपल्या वस्त्यांमध्ये गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला. कोणी कडुनिंबावरची वेल तोडून आणली, कोणी दुकानातून चूर्ण, गोळ्या किंवा रस घेतला. "झाडपाल्याने काय अपाय होणार?" असे म्हणत तो महिनोन्महिने घेणारेही होते. या एका वाक्याबद्दलच आम्हाला बोलायचे आहे.

आयुर्वेदाशी आमचे वैर नाही. आपल्या पनवेलमध्येच १८७२ पासून धूतपापेश्वरची औषधे बनत आली आहेत. पण औषध म्हटले की तपासणी आलीच.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण लिव्हरला इजा झालेले आढळले. त्यातील एक दगावला. २०२१ मध्ये हा अहवाल छापून आला, तेव्हा केंद्राच्या आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची रासायनिक तपासणी झालेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. प्रश्न रास्त होता. 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही गुळवेलीचीच बहीण आहे. दोघींची पाने हृदयाच्या आकाराची असल्याने नुसत्या पानावरून फसगत होते.

प्रयोगशाळेत ही ओळख कशी पटवतात? सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर अर्काचा ठिपका ठेवतात. द्रावण पट्टीवर चढू लागले की अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. खऱ्या गुळवेलीच्या नक्षीशी ती ताडून पाहतात. याशिवाय जड धातू मोजतात. आयुर्वेदिक औषधकोशाप्रमाणे दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भागांपेक्षा जास्त असता कामा नये.

पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या वेळी रुग्णांकडून मिळालेल्या गुळवेलीच्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केली होती. त्यांत वनस्पतीचे स्वतःचेच घटक सापडले. लिव्हरला घातक म्हणून माहीत असलेली भेसळ सापडली नाही.

याचा अर्थ नीट समजून घेऊ या. बाटलीत काय आहे, हे तपासणी सांगते. ते आपल्या शरीराला सोसेल का, हा प्रश्न वेगळा आहे. या रुग्णांपैकी अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याची लक्षणे होती. प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून घेतलेले औषध अशा माणसाला बाधू शकते. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असे होत नाही. पण आपल्याला होणार नाही, हे लेबल वाचून कळत नाही.

तथागतांचे वैद्य जीवक यांची कथा आपण जाणतो. औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे गुरूंनी सांगितले आणि त्यांना एकही सापडली नाही. पण हे उत्तर त्यांनी बसल्या जागी दिले नव्हते, रानात फिरून एकेक वनस्पती पारखून दिले होते. परंपरा सांगते किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हे कालाम सुत्तही शिकवते. मग काढ्यालाच सूट कशाला?

म्हणून आमची मागणी आहे की प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल ग्राहकाला पाहता यावा आणि लिव्हरच्या आजाराबाबतचा इशारा लेबलवर मराठीत छापावा. महागडी तपासणी वस्तीतल्या माणसाने करायची नसते. ती विकणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती पार पाडली जाते की नाही, हे सरकारने पाहायचे असते.

तोवर आपण एवढे करू या. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसलेले चूर्ण घेऊ नका. ओळख पक्की नसलेली वेल उकळू नका. कावीळ, लिव्हर, थायरॉईड किंवा संधिवाताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल नको. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली किंवा अंगाला खाज सुटली, तर काढा लगेच थांबवा आणि दवाखान्यात लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टरांपासून काढ्याची गोष्ट लपवू नका, शक्य तर पुडी किंवा बाटली सोबत न्या. उपचाराची दिशा त्यावरूनच ठरते.

जय भीम! नमो बुद्धाय!