उसन्या शंखाविषयी

किनाऱ्यावरचे मेलेले-सडलेले खाऊन जगणारा एखादा कवचधारी प्राणी कल्पनेने रचायचा ठरवला, तर आपण त्याला काय देऊ? जाड पाठ, काटे, फार तर विषारी नांगी. त्याचे कवच त्याचे स्वतःचे नसावे, हे मात्र आम्हांस सुचले नसते. वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला, ओहोटीच्या वेळी चालते शंख दिसतात. आत खेकडा असतो. इंग्रजीने त्याला संन्यासी ठरवले. प्राणिशास्त्राने त्याच्या एका प्रजातीला रांजणात राहणाऱ्या डायोजिनीसचे नाव दिले. दोन्ही नावे फसवी आहेत. हा विरक्त नव्हे, घरासाठी हाणामारी करणारा प्राणी आहे.

आमच्या समीक्षेत 'उसने कवच' ही जवळजवळ शिवीच आहे. सुनीत परके, गझल परकी, म्हणून कविता खोटी! आदर्श कोणता, तर गीतेतले कासव: स्वतःच्याच कवचात अंग आवरून घेणारे. पण या खेकड्याचे पोट पाहावे. ते मऊ असते आणि शंखाच्या वळणाप्रमाणे, बहुधा उजवीकडे, पिळलेले असते. शेवटचे अवयव आतल्या खांबाला घट्ट धरतात. पुष्कळ जातींत मोठी नांगी दाराचे काम करते. शंख दुसऱ्याचा खरा, पण देहच त्याच्या वळणाचा झालेला. केशवसुतांचे सुनीत किंवा माधव जूलियनांची 'गज्जलांजली' वाचताना विचारायचे ते हे: मराठीचे पोट वळले की नाही? शंख कोणाचा, ही चौकशी नंतर केली तरी चालेल.

अर्थात शंख वाढत नाही, खेकडा वाढतो. लहान शंखात राहिला तर त्याची वाढ खुंटते; बदलायचा तर क्षणभर उघडे पडावे लागते. (सुरेश भटांच्या शंखात आजही किती जण दाटीवाटीने राहतात!)

वर्सोव्याची किनारा-सफाई ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू झाली, तेव्हा वाळूवर प्लास्टिकचे थर होते. प्लास्टिक खेकड्यांना काय करते, ते हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर दिसले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की तेथे पाच लाखांहून अधिक खेकडे बाटल्या-डब्यांत अडकून मेले. आत गेलेल्याला निसरड्या भिंतीवरून बाहेर पडता येत नाही. तो मरतो, त्याच्या मृतदेहाचा गंध इतरांना सांगतो, की एक शंख रिकामा झाला आहे. मग तेही त्याच बाटलीत शिरतात.