मशीन दिलं, शिकवणार कोण?



वाटूरच्या बैठकीत एकीने तळहातावरचा भाजल्याचा डाग दाखवला. शहरातल्या एका इस्पितळात ती कंत्राटी सफाई कामगार आहे. फरशीला चकाकी आणणारं विजेचं मशीन चालवताना तिला शॉक बसला. वायर सोललेली होती, वर नुसती चिकटपट्टी. मुकादम म्हणाला, "तुझंच लक्ष नव्हतं."

मला विचाराल तर लक्ष मालकाचं नव्हतं. या मशीनचा पॅड मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतो. ते झाडलेल्या, कोरड्या फरशीवरच चालवायचं. आधी वायर, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग बघायचं. पदर खोचायचा, वायर खांद्यावरून मागे ठेवायची. पॅड बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. पॅड मधोमध बसला नाही तर मशीन हिसका देतं. काम झाल्यावर वायर पुसून गुंडाळायची. सोललेली दिसली तर बदलून घ्यायची.

हे शिकायला एक दुपार पुरते. पण पुरुषाने मशीन चालवलं की तो 'ऑपरेटर', बाईने चालवलं की ती 'झाडूवाली'. तिला कोण शिकवणार?

सोललेल्या वायरीला नकार देणं हा कामचुकारपणा नव्हे. एकटीने नकार दिला तर तिचं काम जाईल. म्हणून हे सगळ्याजणींनी मिळून, लेखी मागायला हवं.