मृत्युपत्राचा फॉर्म फुकट मिळतो, वकिलाचे प्रश्न नाही



धंदा सुरू करताना आपण किती कागद गोळा करतो बघा. उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट, जीएसटी, करंट अकाउंट, गाळ्याचा करार. एका कागदाचं नाव मात्र कुणी काढत नाही. मृत्युपत्र. बॅचमध्ये मी विषय काढला की लगेच कुणीतरी म्हणतं, "सर, शुभ बोला की!" नाहीतर, "माझ्याकडे आहे काय एवढं?"

माझं मत सरळ आहे. ज्या दिवशी धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर चालू झाला, त्या दिवसापासून तुम्हाला मृत्युपत्र लागतं. आणि धंदा असेल तर ते वकिलाकडूनच करून घ्या.

आमच्या एका बॅचमध्ये फरसाणचा धंदा करणारे एक गृहस्थ होते. हिशेबाला एकदम पक्के. त्यांनी नेटवरून फॉर्म काढला, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर "माझा धंदा आणि गाळा पत्नीला" असं लिहिलं, सही केली आणि शेजारच्या दुकानदाराची साक्षीदार म्हणून सही घेतली. दोन वर्षांनी हार्ट ॲटॅकने ते गेले. वहिनींनी तो कागद वकिलाला दाखवला, तेव्हा कळलं की तो मृत्युपत्र म्हणून टिकणारच नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. इथे एकच होता. स्टॅम्प पेपर तर मृत्युपत्राला लागतच नाही!

मग काय झालं? मृत्युपत्र नाही म्हटल्यावर हिंदू वारसा कायदा, 1956 लागू झाला. पत्नी, दोन लहान मुलं आणि आई, चौघांचे समान हिस्से. बारा वर्षं पहाटे उठून तळणीवर उभ्या राहिलेल्या वहिनींच्या वाट्याला गाळ्याचा चौथा हिस्सा आला. नवीन कर्जासाठी गाळा तारण ठेवायचा, तर मुलं अज्ञान, म्हणून त्यांच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी हवी. इकडे दीर म्हणाले, आईचा हिस्सा आधी मोकळा करा. या सगळ्यात दिवाळीचा सीझन गेला, आणि फरसाणवाल्याचा दिवाळी सीझन जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

यात कुणी वाईट नव्हतं. एक सही कमी होती, एवढंच.

"माझा धंदा" म्हणजे नक्की काय?

आता समजा, दुसरी सही असती. तरी प्रश्न संपले नसते. प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा आणि तुम्ही कायद्याने वेगळे नसता. म्हणून "धंदा पत्नीला" हे वाक्य फार ढोबळ आहे. चांगला वकील लिहायला बसायच्या आधी तुम्हाला प्रश्न विचारतो:

- गाळा मालकीचा आहे की पागडीचा? भाडे नियंत्रण कायद्याखालच्या पागडीचा हक्क मृत्युपत्रात लिहून मनाला वाटेल त्याला देता येत नाही. तो कुणाकडे जाईल ते कायदा ठरवतो.
- मशीन, माल, बाजारातली येणी, डिपॉझिट, ब्रँडचं नाव, हे कुणाकुणाला?
- कर्ज किती? देणी आधी फिटतात, उरेल ते वारसांना मिळतं.
- भागीदार आहे का? करारात वेगळं लिहिलं नसेल, तर भागीदारी कायदा, 1932 प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म विसर्जित होते. म्हणजे मृत्युपत्राच्या आधी भागीदारीचा करार दुरुस्त करायला हवा.
- जीएसटी नंबर तुमच्या पॅनवर आहे. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाला स्वतःची नोंदणी करावी लागते. शिल्लक इनपुट क्रेडिट त्याच्याकडे वळवण्यासाठी आयटीसी-02 हा फॉर्म आहे. घरात हे कुणाला माहीत आहे?

असले प्रश्न फॉर्म विचारत नाही. तो फक्त रिकाम्या जागा देतो. वकिलाची फी आपण लिहिण्यासाठी देत नाही, या प्रश्नांसाठी देतो.

"पण मी नॉमिनी लावलाय ना!"

हा गैरसमज सगळ्यात जास्त ऐकू येतो. नॉमिनी म्हणजे मालक नाही. तो पैसे ताब्यात घेतो, पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचाच राहतो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय. नॉमिनी जरूर लावा, पण त्यावर थांबू नका.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो

मृत्युपत्राला वकील लागतोच असं कायदा म्हणत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्रही चालतं. नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. एक फ्लॅट, दोन एफडी आणि एकच वारस असेल, तर कदाचित भागेल. पण तुमच्याकडे उधारी आहे, कर्ज आहे, कामगार आहेत. जीएसटी रिटर्नसाठी आपण दरवर्षी सीएला फी देतो आणि त्याला खर्च म्हणत नाही, गरज म्हणतो. मग कुटुंबाचं पोट ज्यावर आहे, त्या कागदाला काटकसर का?

मुस्लिम बांधवांसाठी नियम वेगळे आहेत. साधारणपणे, वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणजे मित्राचं मृत्युपत्र कॉपी करून तुमचं होत नाही.

या रविवारी एवढं करा

1. एका वहीत लिहा: काय काय आहे, कुणाच्या नावावर आहे, देणं किती, येणं किती. ही वही घेऊन गेलात तर वकिलाचा आणि तुमचा वेळ वाचेल.
2. दिवाणी आणि मालमत्तेची कामं करणारा वकील शोधा. फी आधीच विचारा, लाजू नका.
3. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडा. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूसही ठरवा, आणि त्याला तसं सांगा.
4. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करून घ्या. मुद्रांक शुल्क लागत नाही, आणि पुढे शंका घ्यायला जागा कमी राहते.
5. नवा गाळा घेतला, मूल झालं, भागीदार बदलला, की मृत्युपत्र पुन्हा बघा. ते हयातीत कधीही बदलता येतं. शेवटचं मृत्युपत्र ग्राह्य धरलं जातं.

त्या वहिनी आज धंदा चालवतायत, तिसऱ्या वर्षी गाडी रुळावर आली. मधल्या काळात त्यांनी एक काम आधी उरकलं: स्वतःचं मृत्युपत्र. वकिलाकडे जाऊन, दोन साक्षीदारांसमोर.

तुम्ही कुणाची वाट बघताय?