जयंतीच्या भाषणातून गळालेला खटला

यंदाच्या जयंतीला मी कमिटीपुढं एक मागणी ठेवली. बाबासाहेबांचा १९३४ चा खटला लोकांना सांगू द्या. फक्त दहा मिनिटं. कमिटीतले एक रिटायर आप्पा म्हणाले, "भो, आयाबाया समोर बसलेल्या राहतात. आसलं घाण नको." खलास. डीजेला पैसे मंजूर, खटल्याला दहा मिनिटं नाहीत.

फैजपूरला १९३६ साली खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष होते, हे आमच्याकडून घोकून घेतलं. त्याच्या दोनच वर्षं आधीचा हा खटला मला कोणी सांगितला नाही. रद्दीतल्या पुस्तकात सापडला.

काय होतं त्यात घाण? रघुनाथ धोंडो कर्वे हा बामण, महर्षी कर्व्यांचा पोरगा. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्रोफेसरकी गेली. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. लोक पत्रं लिहायचे. हस्तमैथुनानं काही होतं का? पुरुषाला पुरुषच आवडला तर? हा माणूस उत्तरं छापायचा. झाला अश्लीलतेचा खटला. १९३१ साली एकदा दंड झालाच होता. १९३४ ला त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील होत नाही, लोक विचारतात तर त्यांना ज्ञान द्या, हा त्यांचा रोख. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड.

महाड होऊन सात वर्षं झाली होती, पुणे करार होऊन दोन. त्या माणसाला कामं कमी होती का?

१९१६ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यांनी कोलंबियात निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. नवरा मेला की बाई शिल्लक राहते. मग तिला जाळा, नाहीतर विधवा करून कोंडा. शिल्लक पुरुषाला मात्र न्हाती-धुती न झालेली पोर द्या. जातीचं कुलूप बाईच्या अंगावर लावलेलं आहे हे ज्याला कळलं, तो कर्व्यांचं वकीलपत्र घेणारच. १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही त्यांच्याच वतीनं आला. पडला.

आमचे शिकलेले म्हणतात, आधी भाकरी, हे पांढरपेशांचे चोचले. बरं. माझ्या जिनिंग मिलमधला बावीस वर्षांचा पोऱ्या ऐका. धातू जाते, नपुंसक होशील, असं रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीवाल्यानं त्याला सांगितलं. महिन्याचा पगार त्यानं काळ्या गोळ्यांत घातला. घरी म्हणाला, पैसे हरवले. भाकरीच गेली ना साल्या त्याची! कर्व्यांनी फुकटात सांगितलं असतं, काही होत नाही, झोप. आणि २००७ साली महाराष्ट्राच्या आमदारांनी ओरड करून शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं. तंबूवाल्याचा धंदा कोणी बंद पाडला नाही.

पुरुषाला पुरुष आवडला तर? त्या वाचकाला कायद्यानं उत्तर दिलं २०१८ साली, सुप्रीम कोर्टात, ८४ वर्षांनी. आमच्या मिलमध्ये अजून असल्या पोराला टाळ्या वाजवून हाका मारतात. त्यात आपलेही आहेत. निळा टिळा लावणारे.

घाण बोलायची लाज म्हणता? कापूस वेचणाऱ्या बायांवर मुकादम काय काय बोलतो ते ऐका, तिथं कोणाला लाज नाही. जळगावात १९९४ साली पोरींना फसवून, फोटो काढून, धमकावून लुबाडल्याचं बाहेर आलं. त्यात राजकारणातल्या लोकांची नावं आली. कोर्टात पुष्कळ आरोपी सुटले. जुने लोक सांगतात, त्यानंतर सोयरिकीला जळगावची पोरगी म्हटलं की पाहुणे कप खाली ठेवून उठायचे. कोणाचं पाप, कोणाच्या कपाळी! गप्प बसायला लावलं ते त्या पोरींनाच.

आप्पा, तुमचं सोवळं कुठून आलं ते सांगा. आपल्या वस्तीत ते कधी नव्हतं. उसनं आणलंय, तेही त्यांच्याकडून.

कमिटीनं नाही म्हटल्यावर मी घरी आईला खटला सांगितला. आई केळीच्या बागेत रोजानं जाते. पाच बाळंतपणं, दोन पोरं गेली. भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. कर्वे काय छापायचे तेही सांगितलं, जीभ अडखळली माझीच. ती म्हणाली, "हे आम्हाले काबर नाही सांगितलं रे कोनी?"