आधी ते साडी गार्ड काढ!

दिवाळीला गावी गेलो होतो. गाव म्हणजे अड्याळ, भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. पुण्यात नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे नागपूरजवळ का?" आपण "हो, जवळच" म्हणून मोकळं व्हायचं. असो.

पोचलो तर काकांच्या अंगणात ही गर्दी! चुलतभावाने नवी गाडी घेतलेली. २०० सीसी, स्पोर्ट. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. (कंपनी सांगत नाही. जे लिहिणार आहे ते कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे.) सकाळीच काकूला मागे बसवून हनुमान मंदिरात जाऊन पूजा करून आला होता. आता त्याचे तीन मित्र, तिघेही स्वतःच्या गाड्यांचे मालक, गाडीभोवती उकिडवे बसून पुढचा बेत ठरवत होते.

हा प्रकार ज्याने पाहिलाय त्यालाच त्यातली मजा कळेल. लग्नाच्या बैठकीत होत नाही एवढी गंभीर चर्चा असते. मागचं लांबलचक मडगार्ड कापून टेल टायडी लावायची. आरसे काढून हँडलच्या टोकाला गोल आरसे. टँक पॅड. मोबाईल होल्डर. क्रॅश गार्ड लावायचा की फ्रेम स्लायडर, यावर वीस मिनिटं वाद. सायलेन्सर बदलायचा का, यावर "काका घरात आहेत, हळू बोल". एकाचं म्हणणं, नव्या मॉडेलचा हेडलाईट जुन्यापेक्षा बेकार दिसतो. दुसऱ्याचं म्हणणं, पोटाखालचं एक्झॉस्ट बाजूला आणून कंपनीने गाडीची वाट लावली. मीही हिरिरीने मतं ठोकली. आपण पडलो इंजिनीअर, गप्प कसे बसणार?

एका गोष्टीवर मात्र चौघांचं एकमत होतं. "दादा, हा पिंजरा काहून ठेवाचा? सगडा लूक खराब करून रायला. पयले साडी गार्ड काढतो, मंग बाकीचं."

आणि मी गप्प झालो.

कारण सहा वर्षांपूर्वी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा मीही हेच केलं होतं. पहिल्या सर्व्हिसिंगलाच. दोन बोल्ट, पाच मिनिटांचं काम. मागचं चाक कसं मोकळं, दणकट दिसायला लागलं! हिंजवडीला पार्किंगमध्ये गाडी लावून वळून बघायचो. तसंही मागे बसणार कोण? ऑफिसमधला रूममेट, जीन्स घातलेला.

मग आई पुण्याला आली.

वाकडहून भाजी आणायला निघालो होतो. आई दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली, एक हात माझ्या खांद्यावर, मांडीवर पिशवी. स्पीड तीसच्या आतबाहेर. मला फक्त खांद्यावरचा हात सुटल्याचं कळलं. पदर चेनमध्ये गेला होता. मनगट मोडलं, डोक्याला टाके पडले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून एवढ्यावर निभावलं.

नंतर एका रात्री झोप येईना म्हणून हिशेब केला. १७ इंची रिमचं चाक, टायर धरून एका फेऱ्यात साधारण दोन मीटर पुढे जातं. ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या थोडं वर, म्हणजे सेकंदाला चार फेरे. मागच्या स्प्रॉकेटचा घेर सुमारे ६० सेंटिमीटर. म्हणजे पदराचं टोक एकदा दात्यांत अडकलं की एका सेकंदात दोन मीटरहून जास्त कापड आत ओढलं जाणार. साडी असते साडेपाच मीटरची, आणि ती बाईच्या अंगाला गुंडाळलेली असते. "गाडी थांबव" म्हणायला वेळच नाही. हे आकडे गाडी घेताना मला माहीत नव्हते का? होते. पिकअपचे आकडे तर तोंडपाठ होते.

खरं तर साडी गार्ड म्हणजे काही कंपनीने हौसेने दिलेली ॲक्सेसरी नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला दांडी हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत नियमबाह्य बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूदही आहे. पण माझं गार्ड नाही म्हणून मला आजवर कुणी अडवलेलं नाही, तेव्हा दंडाची भीती घालून काही उपयोग नाही, हे मलाही कळतं.

आणि पोरांचं सगळंच चुकतं असंही नाही. गार्ड कुरूप असतं हे खरंच आहे! सगळी गाडी डिझाईन स्टुडिओत घडवायची, टाकीची एकेक कड कोरायची, आणि शेवटी नियम आठवला म्हणून खिडकीच्या गजासारखे दोन पाईप वाकवून बोल्टने ठोकून द्यायचे. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी टेस्टरने बग काढला की आम्ही जो पॅच मारतो ना, अगदी तसं. मालकाने काढून टाकावं अशाच पद्धतीने ते लावलेलं असतं.

आपल्या पुण्याची पल्सर घ्या. २००१ साली १५० आणि १८० सीसीमध्ये आली तेव्हा जाहिरात होती, 'डेफिनेटली मेल'. त्या मर्दानी गाडीच्याही डाव्या अंगाला साडी गार्ड होतंच. पण सीट होती सलग, लांब, आणि अख्खं कुटुंब त्यावर बसायचं. पुढे २००७ च्या २२० ला आणि २०१२ च्या २००एनएसला सीटचे दोन तुकडे झाले. बहुतेक स्पोर्ट गाड्यांचं हेच झालं. मागची सीट अरुंद आणि उंच. साध्या गाड्यांना असतं तसं चेन पूर्ण झाकणारं कव्हरही गेलं. दिसायला झकास, वाद नाही. पण मागच्याला धरायला धड जागा नाही, आणि एका बाजूला बसणारीचा तर विचारच नाही.

यामाहाची आर१५ २००८ मध्ये आली ती सलग सीटची. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत मागची सीट उंच आणि वेगळी झाली. मग २०१५ मध्ये कंपनीने 'आर१५ एस' आणली, तिचं वैशिष्ट्य काय, तर परत सलग सीट! २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या गाडीलाही पुन्हा हेच केलं. म्हणजे रेसिंगच्या घराण्यातल्या गाडीलाही भारतात मागे माणूस बसतो हे दोनदा मान्य करावं लागलं. लोकांनी मागितलं की कंपन्या देतात. आपण मात्र मागतो काय, तर नवे ग्राफिक्स.

पुण्या-मुंबईत कुणी म्हणेल, आता साडी नेसून बाईकवर बसतं कोण? एकतर बसतात. शिवाय ओढणी आहे, बुरखा आहे, स्टोल आहे, पावसात घोट्यापर्यंतचा रेनकोट आहे. आणि अड्याळसारख्या गावात तर प्रश्नच नको. तिथे गाडी कितीही स्पोर्ट असो, तीच घरातली एकुलती गाडी असते. काकूला दवाखान्यात न्यायचं तर तीच, आजीला लग्नाला सोडायचं तर तीच, आणि एसटी चुकली तर शेजारणीलाही तीच. पोरगा एकटा फिरतो तो फक्त डोक्यातल्या चित्रात. मीही फिरायचो. आम्ही गाडी सजवतो ती त्या चित्रातल्या एकट्या रायडरसाठी, आणि मागे बसणाऱ्या बाईला गाडी घेताना कुणी विचारतही नाही.

हं, तर अंगणात. भाऊ दहाचा पाना घेऊन आला, तो बसेना, मग बाराचा आणायला गेला. आत चुलीशी आई चकल्या तळत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तिने काही म्हटलं नाही. म्हणणारही नव्हती, कारण गावात तिने सांगून ठेवलं होतं की पुण्याला बाथरूममध्ये पाय घसरला. पोराची गाडी, पोराची हौस, लोक काय म्हणतील. सहा वर्षं हीच कथा चालू होती आणि मीही ती चालू दिली होती.

भाऊ पाना घेऊन परत आला तेव्हा मी सांगून टाकलं. कसं झालं, कुठे झालं, गार्ड कुणी काढलं होतं. (इथेही आईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण माजं नाव नको टाकू.")

कुणी काही बोललं नाही. काकू दारात येऊन उभी राहिली होती. मग एकाने हळूच विचारलं, "मंग टेल टायडीचं काय करू दादा?" म्हटलं, नंबरप्लेट आणि इंडिकेटर नीट दिसणार असतील तर बघू.

गार्ड राहिलं. भंडाऱ्याला नेऊन मॅट काळा रंग मारायचा आणि चेनच्या बाजूला आतून जाळी बसवायची असं ठरलंय. भावाला "लूक" थोडा परत मिळाला, चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं.

पुण्याला परतल्यावर मी माळ्यावरून माझं गार्ड काढलं. गंजलं नव्हतं, एक बोल्ट मात्र हरवला होता. हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवला. स्पीडब्रेकरवरून गेलं की खडखड वाजतं. गेले दोन शनिवार नेमकं कुठे वाजतंय ते शोधतोय.