कागद केला तर कूळ लागेल?



शेतकरी घरांत अलीकडे एक नवे पीक आले आहे. त्याला पाऊस लागत नाही, फवारणी लागत नाही आणि पैसा मात्र दरमहा येतो, असे म्हणतात. हे पीक म्हणजे भाड्याच्या खोल्या. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहती वाढल्या, कामगार आले आणि शेजारच्या गावांत खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. कुणी जमिनीच्या मोबदल्यातून तालुक्याला फ्लॅट घेतो. कुणाचा मुलगा खोल्या दाखवता दाखवता एजंट होतो. यात गैर काही नाही. पण हेही पीकच आहे. त्यालाही खर्च आहे, रोग आहे, आणि राखण तर आहेच. म्हणून आज दोन गोष्टी सांगतो: आधी हिशेब, मग कागद.

हिशेब असा करा. उदाहरणादाखल, तालुक्याच्या गावी २० लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक, नोंदणी धरून तो साडेएकवीस लाखांना पडला. भाडे महिना ६,०००. वर्षाचे ७२,००० झाले, म्हणून घरचे सगळे खूश. पण भाडेकरू बदलताना एक महिना तरी खोली रिकामी राहते. उरले ६६,०००. सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, रंग, नळदुरुस्ती मिळून १८,००० धरा. हाती राहिले ४८,०००, म्हणजे शेकडा सव्वादोन. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते. फ्लॅटची किंमत पुढे वाढेलही, पण वाढेलच असे धरून घर चालत नाही.

त्यातून कर्ज काढले असेल तर गणित आणखी अवघड होते. १५ लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत आणि ९ टक्के व्याज धरले, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या घरात जातो. भाडे येणार ६,०००. वरचे साडेसात हजार कोठून आणणार? दुधाच्या पैशातून? सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी काय करणार? एवढ्यासाठी जमीन विकायची वेळ आली, तर हा व्यवहार आपला नव्हे असे समजावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

याउलट गावठाणात स्वतःची मोकळी जागा असेल, जवळ कारखाना किंवा कॉलेज असेल, तर रीतसर बांधकाम परवानगी घेऊन दोन-चार खोल्या बांधणे पुष्कळदा परवडते, कारण जागेला पैसे पडत नाहीत. तरी एकदम दहा खोल्या बांधू नका. दोन बांधा, वर्षभर चालवा, मग तिसरीचा पाया खणा. कारखान्याची एक पाळी बंद झाली की ओळीच्या ओळी रिकाम्या पडतात, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गैरसमज. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून भाड्यालाही नाही, असे पुष्कळजण धरून चालतात. तसे नाही. भाडे हे घराचे उत्पन्न आहे. भरलेली घरपट्टी वजा करून जे राहते, त्यातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के सूट मिळते आणि बाकीचे उत्पन्नात धरले जाते. म्हणून पावत्या जपून ठेवा.

आता कागदाकडे वळू. खेड्यातला माणूस भाड्याचा कागद करायला बिचकतो. त्याला कारण आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन घरोघरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला आहे. कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला, ही आठवण मनात घट्ट बसली आहे. म्हणून आजही खोली देताना घरातले वडीलधारे सांगतात, "कागद करू नको, कूळ लागेल."

शहरांतल्या घरांच्या बाबतीतही ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पण आज महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याने गोष्ट उलटी केली. आज घरमालकाला धोका आहे तो कागद न करण्यात.

या कायद्याचे कलम ५५ सांगते की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. लेखी नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, आणि खोटे ठरवायचे काम आपल्यावर येते. भाडे ६,००० ठरले होते आणि तो ३,००० म्हणाला, तर काय दाखवणार?

अकरा महिन्यांचा कागद स्टॅम्पपेपरवर केला की नोंदणी लागत नाही, असे अजूनही सांगितले जाते. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या जुन्या नियमातून अकरा महिन्यांची चाल पडली. आज महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो.

उलट असा करार हातात असला की कलम २४ मदतीला येते. मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा सोडला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र स्वतःच्या हाताने लाईट तोडणे, पाणी बंद करणे, सामान बाहेर टाकणे असले काही करू नका. तसे केले की फिर्यादी होता होता आपणच आरोपी होतो.

खर्च म्हणाल तर फार नाही. महिना ६,००० भाडे, २०,००० डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत असेल, तर सध्याच्या पाव टक्का दराने मुद्रांक पावणेदोनशेच्या आसपास येतो. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. आधार असले की हे काम संगणकावरून घरबसल्याही होते.

किल्ली देण्यापूर्वी एवढे करा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. विजेच्या मीटरचे आकडे लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा यांची यादी करा. भाडे शक्यतो बँक खात्यात घ्या, रोख घेतले तर पावती द्या. डिपॉझिट खर्चून टाकू नका, ते परत द्यायचे पैसे आहेत. आणि भगिनींनो, खोल्यांची वही तुमच्या हाती घ्या. कोण कधी आला, किती दिले, कोणता नळ गळतो, हे घरात असणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते.

शेवटी एजंटाचे काम धरलेल्या तरुणांना दोन शब्द. दलाली किती आणि कोणाकडून, हे खोली दाखवण्याआधी सांगा. मालकाचा कागद स्वतः पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागा. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणार असाल, तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे महारेराकडे एजंट म्हणून आधी नोंदणी करावी लागते, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. ती द्या. भाडेकरूपासून गळके छत लपवाल, तर दलाली एकदाच मिळेल. खरे सांगाल, तर तोच भाडेकरू आणखी चारजण घेऊन येईल.

भाडेकरूही कुणाचा तरी मुलगा आहे, पोटासाठी गाव सोडून आलेला. कागद त्यालाही हवाच असतो. गॅस जोडणीला, बँकेला, मुलांच्या शाळेला पत्त्याचा पुरावा म्हणून तो कामी येतो. बांध स्पष्ट असला की शेजारी भांडत नाहीत, तसेच खोलीचेही आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांना आदराने सांगा, "बाबा, ती गोष्ट जमिनीची होती. खोलीचा करार नोंदवला तर कूळ लागत नाही, उलट खोली आपली राहते."