काठी कधी हातात घ्यावी?

आपल्याकडे काठीला मान मोठा. मुंजीत बटूच्या हातात पळसाचा दंड देतात. पाडव्याला गुढी उभारायची ती काठीवरच. धनगराचं चित्र काढायचं तर खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी हवीच. मुलगा झाला की "म्हातारपणाची काठी झाली हो" असं म्हणायची पद्धत आहे. एवढं सगळं असूनही खरोखरीचं म्हातारपण आलं आणि खरोखरीची काठी धरायची वेळ आली, की आपण लाजतो. छत्री घेऊन निघतो, पिशवी सावरतो, भिंतीला हात लावत जातो, पण काठी नको म्हणतो.

जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, म्हणून मला वाटतं की याचं मूळ थोडं भाषेतही असावं. चर्पटपंजरिकेत काठी टेकत जाणारा म्हातारा भेटतो, तो अंग गळून गेलेला, दात पडलेला. 'काठी टेकली' म्हणजे माणूस संपत आला, हे समीकरण आपल्या मनात लहानपणीच बसतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. काठी ही पडल्यावर घ्यायची वस्तू नाही, पडण्याआधी घ्यायची आहे. आणि जमत असेल तर एक नव्हे, दोन घ्याव्यात.

गिरनारला जाऊन आलेल्यांनी आठवून पाहावं. तिथे पायथ्याशी काठ्या भाड्याने मिळतात. दत्तपादुकांपर्यंत सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत म्हटल्यावर पंचविशीतली मुलंसुद्धा निमूटपणे काठी घेतात. कुणी कुणाला हसत नाही. सह्याद्रीत गडांवर जाणारी तरुण मंडळी तर हल्ली दोन्ही हातांत घडीच्या काठ्या घेऊन चढतात आणि त्यांचे फोटो काढून आपल्याला पाठवतात. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा साठ वर्षांचे होते. २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालले, हातात काठी घेऊन. ती काठी बघून कुणाला ते थकलेले वाटले नाहीत. म्हणजे दोष काठीचा नाही. चालण्यासाठी घेतली तर ती शोभते, आणि चालणं थांबत आल्यावर घेतली तर केविलवाणी दिसते. मग आधीच का घेऊ नये?

आता जरा तोल म्हणजे काय ते बघू. आपण उभे राहतो ते तिघांच्या खबरीवर. डोळे, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय, आणि तळपाय व सांधे. तिघेही मेंदूला सारखं कळवत असतात की बाई, तू सरळ आहेस, आता जरा डावीकडे कललीस. वय वाढलं की तिन्ही खबरे ढिले पडतात. मधुमेह असेल तर तळव्यांची जाणीव आणखी बोथट होते. काठीचं टोक जमिनीला लागलं की हातातून चौथी खबर पोचते. पुढे खळगा आहे, फरशी उंच आहे, खाली माती भुसभुशीत आहे. ही काही माझी कल्पना नव्हे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं होतं की माणसाने एका बोटाने स्थिर वस्तूला नुसता स्पर्श केला, शरीराला आधार मिळणार नाही इतका हलका, तरी त्याचं डुलणं कमी होतं. एका पायावर उभं राहून पायजमा किंवा सलवार चढवताना भिंतीला एक बोट टेकून बघा, म्हणजे पटेल.

आणि पडणं ही किरकोळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हाच नंबर. त्यात सर्वांत जास्त माणसं साठीच्या पुढची.

पण जे मरत नाहीत त्यांचं काय होतं, ते मी घरातच बघते आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तीन वर्षांपूर्वी अंगणात पडली आणि खुबा मोडला. (तिची मुलं हे वाचतात, त्यांना विचारूनच लिहिते आहे.) शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाड जुळलं. तिच्या मुलाने त्याआधी वर्षभर काठी आणून दाराच्या खुंटीला लावून ठेवली होती. अक्का म्हणायची, "मला काय झालंय काठी घ्यायला?" आता ती म्हणते, "काठी घेऊन तरी कुठं जायचंय मला?" या दोन वाक्यांच्या मधे काठीची वेळ येऊन निघून गेली. आता तिचं जग पलंग, खुर्ची आणि खिडकी एवढंच उरलं आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, पाय चांगले आहेत, चालू शकतील. भीती मात्र जात नाही.

ही भीतीच खरी वैरीण. पडायच्या भीतीने माणूस चालायचं कमी करतो. चालणं कमी झालं की मांड्यांतली ताकद जाते. ताकद गेली की तोल जातो, आणि मग जे नको होतं तेच होतं. मुलं काळजीपोटी सांगतात, "आई, तू बाहेर पडूच नकोस." काळजी खरी असते, पण त्या सांगण्याने हे चक्र जोरात फिरतं. 'बाहेर पडू नकोस' याऐवजी 'काठ्या घेऊन जा' म्हणावं.

दोन काठ्यांची गंमत फिनलंडची. तिथले बर्फावर घसरत जाणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसल्यामुळे नुसत्याच काठ्या घेऊन चालायचा सराव करत. त्यातून १९९७ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी तशा चालण्याचा प्रकार निघाला आणि युरोपभर पसरला. नॉर्डिक वॉकिंग म्हणतात त्याला. मी काही नॉर्डिक नाही, सांगलीची आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, बहात्तराव्या वर्षी, मी ट्रेकिंगच्या दुकानातून लांबी कमीजास्त करता येणाऱ्या दोन काठ्या आणल्या. तोवर एकदाही पडले नव्हते. दोन वर्षं झाली, आमराईत रोज सकाळी त्या घेऊन चालते. पहिले काही दिवस "काय बाई, हिमालयात निघालात का?" असं ऐकावं लागलं. आता त्यांतल्याच दोघीजणी लांबी कशी ठरवायची ते विचारतात.

तर त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. सपाट जागी काठी पायाशी उभी धरली की कोपराशी साधारण काटकोन व्हावा, हात किंचित खाली असला तरी चालेल. चढावर काठी जरा आखूड करायची, उतारावर लांब. डावा पाय पुढे, उजवी काठी पुढे, आणि मग उलट. म्हणजे शाळेतल्या कवायतीसारखंच. (प्रत्येक वर्गात डावा हात आणि डावा पाय एकदम टाकणारा एक तरी मुलगा असायचा. त्याने आधी काठ्यांशिवाय सराव करावा.) डांबरी रस्त्यावर आणि फरशीवर टोकाला रबर हवंच, आणि ते झिजलं की बदलायला हवं. मनगटात अडकवायचा पट्टा मी वापरत नाही. पडता पडता काठी सुटली नाही तर अंगठा दुखावतो.

फायदा काय? कंबरेतून वाकून चालायची सवय मोडते, कारण दोन्ही हातांना सारखा आधार असला की पाठ आपोआप सरळ होते. उतारावर गुडघ्यांना आराम मिळतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र उतारावर काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार साधारण १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला होता. सपाटीवर तितका फरक पडतो असं मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर दोन पायांऐवजी चार ठिकाणी टेकलेलं असणं केव्हाही बरं.

काठी म्हणजे रामबाण मात्र नव्हे. एका गुडघ्याला किंवा खुब्याला फार दुखत असेल, अंगाचा भार टाकावा लागत असेल, तर या हलक्या काठ्या उपयोगाच्या नाहीत. तिथे मुठीची भक्कम काठी हवी, नाहीतर वॉकर. मुठीची काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. आपल्याकडे निम्मे लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, कारण ते स्वाभाविक वाटतं. तिची मूठ, चपला घालून हात सरळ सोडला की मनगटाच्या घडीपाशी यावी. गर्दीच्या बाजारात दोन काठ्या अडचणीच्या होतात, भाजीची पिशवी धरायला हात उरत नाही. आणि न्हाणीघरात, रात्रीच्या अंधारात, घसरत्या पायपुसण्यावर पडतो त्याला या काठ्या काय करणार? तिथे भिंतीला धरायला दांडी आणि रात्री छोटा दिवा हवा. चक्कर येत असेल, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं, काठीचं मग.

आता आमच्या घरचं गाऱ्हाणं. आमचे हे एकोणऐंशीचे आहेत. या पावसाळ्यात मंडईच्या पायऱ्यांवर दोनदा घसरले, दैवाने वाचले. काठी घ्या म्हटलं की "लोक काय म्हणतील?" मात्र रस्त्याने जाताना माझा दंड घट्ट धरून चालतात, 'सोबत' म्हणून. सोबतीला माझी हरकत नाही. पन्नास वर्षं तेच करत आले. पण अहो, मी माणूस आहे, काठी नव्हे. चौऱ्याहत्तरीला माझाही तोल जाऊ शकतो. दोघं एकदम पडलो तर उचलायचं कुणी? मुलगा टोरांटोत, मुलगी बंगळुरात. भाषेतल्या त्या म्हातारपणाच्या काठ्या फार लांब उभ्या आहेत, आणि आपापल्या जागी सुखात आहेत. त्यांना आपल्या मनगटाशी बांधून ठेवायचं मला पटत नाही. बाजारात मिळणारी काठी कुणाच्या संसारात अडथळा आणत नाही, आणि हाक मारल्यावर चोवीस तास विमानात बसून यावंही लागत नाही तिला. (हा लेख छापून यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार आहे. बघू.)

मला विचाराल तर स्वावलंबनाची आपली कल्पनाच जरा तपासायला हवी. आधार न घेणं म्हणजे स्वावलंबन नव्हे. आपल्याला हवं तिथे आपल्या पायांनी जाता येणं म्हणजे स्वावलंबन. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण परावलंबी म्हणत नाही, उलट वाचनाची आवड आहे म्हणतो. काठी घेऊन चालणाऱ्यालाही चालायची आवड आहे, एवढंच म्हणावं.

शेवटी एक विनंती, विशेषतः भाचे-पुतणे, सुना-नातवंडांना. घरातल्या कुणाच्या पंचाहत्तरीला शाल आणि श्रीफळ जरूर द्या, पण शाली कपाटात पुष्कळ झाल्या आहेत. त्याबरोबर काठ्यांची एक जोडी द्या, आणि लांबी लावून देऊन पहिले आठ दिवस सोबत चाला. आणि रस्त्यात कुणी आजी-आजोबा हातात काठी घेऊन दिसले, तर चेहरा पाडून "अरेरे, काय झालं?" असं विचारू नका. "आज कुठवर जाऊन आलात?" असं विचारा.